शिश्न-संक्रामणांची निदान-नोंद व संकेतन

शिश्नाची त्वचा, त्वचेखालील संयोजी ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह) व आतील उत्थानक्षम ऊतक यांत सूक्ष्मजंतू, कवक किंवा व्हायरस शिरल्यामुळे उद्‌भवणाऱ्या विकारांना शिश्नाच्या मऊ ऊतकांची संक्रामणे म्हणतात. रुग्णास तपासून जे आढळले ते शब्दांत लिहून ठेवणे म्हणजे निदान-नोंद आणि त्या नोंदीतील निदानाला आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील ठरलेला अक्षर-अंकांचा संकेत देणे म्हणजे निदान-संकेतन होय. नोंद वैद्य करतो; मोठ्या रुग्णालयांत संकेतन मात्र बहुधा अभिलेख विभागातील कर्मचारी करतो. त्याने रुग्णाला पाहिलेले नसते, केवळ कागद पाहिलेला असतो. त्यामुळे जे लिहिले गेले नाही ते संकेतात उतरत नाही व जे संकेतात उतरले नाही ते आरोग्याच्या आकडेवारीत नसतेच. हे तत्त्व सर्वच रोगांना लागू आहे. तथापि ज्या अवयवाविषयी रुग्ण संकोचाने बोलत नाही व वैद्यही मोघम लिहून मोकळा होतो, त्याच्या बाबतीत त्याचे महत्त्व विशेष आहे.

शरीररचना व रोगप्रकार : शिश्नाची त्वचा पातळ, सैल व जवळजवळ चरबीरहित असते. त्यामुळे थोड्या संक्रामणानेही तिला मोठी सूज येते. त्वचेखालील पातळ आवरण मुष्क (वृषणांची पिशवी), मूलाधार (गुदद्वार व मुष्क यांमधील भाग) व उदराची पुढील भित्ती यांतील आवरणांशी सलग असते. या सलग थरातून गंभीर संक्रामण काही तासांत पसरू शकते. म्हणून ‘शिश्नाला सूज’ एवढीच नोंद पुरेशी नसते. सूज कोठे सुरू झाली व तपासणीच्या वेळी ती कोठवर पोहोचली होती, हे लिहावे लागते.

नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे शिश्नमण्याची व त्यावरील अग्रत्वचेच्या आतील पृष्ठाची दाहयुक्त सूज होय. अग्रत्वचेचे तोंड अरुंद असणे, अस्वच्छता व मधुमेह ही तिची प्रमुख कारणे आहेत. मधुमेहात मूत्रातील शर्करेमुळे कॅंडिडा या कवकाची वाढ होते; प्रौढ पुरुषात असा शोथ वारंवार होऊ लागला, तर तो पूर्वी लक्षात न आलेल्या मधुमेहाचा पहिला इशारा असू शकतो [→ मधुमेह]. त्वचेखालील ऊतकाचा पसरणारा शोथ, पू साचून होणारा विद्रधी (गळू) व उत्थानक्षम ऊतकाचा शोथ हे यापुढील प्रकार होत. सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे जननेंद्रियांच्या व मूलाधाराच्या मऊ ऊतकांचा वेगाने पसरणारा कोथ (ऊतकाचा मृत्यू व कुजणे). झां आल्फ्रेद फूर्न्ये या फ्रेंच वैद्यांनी १८८३ मध्ये त्याचे वर्णन केल्यामुळे तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. दिसणाऱ्या लक्षणांच्या मानाने फार तीव्र वेदना, ताप, त्वचा काळी पडणे व दाबल्यावर त्वचेखाली कुरकुर जाणवणे ही त्याची लक्षणे होत. त्यात तातडीची शस्त्रक्रिया हाच जीव वाचविण्याचा मार्ग असतो. गडद वर्णाच्या त्वचेवर लाली ठळक दिसत नाही. अशा रुग्णांत उष्णता, ताठरपणा व स्पर्शवेदना यांची नोंद लालीच्या नोंदीइतकीच आवश्यक असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : रोगांना नावे देऊन त्यांचे गट पाडण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात उपदंशाचे पाच व शूकदोषाचे अठरा प्रकार सांगितले असून क्षुद्ररोगांमध्ये निरुद्धप्रकश (अग्रत्वचा मागे न सरणे), परिवर्तिका (मागे सरलेली अग्रत्वचा पुढे न येणे) व अवपाटिका (अग्रत्वचा फाटणे) या विकारांचा निर्देश आहे. माधवाचा रुग्विनिश्चय हा ग्रंथ तर सर्वस्वी निदानासच वाहिलेला आहे. मात्र शब्दांचे अर्थ कालौघात बदलतात. सुश्रुतातील उपदंश ही संज्ञा जननेंद्रियाच्या अनेक विकारांना व्यापणारी आहे. आधुनिक मराठीत ती एका विशिष्ट लैंगिक रोगापुरती मर्यादित झाली. केवळ नावावर विसंबता येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

यूरोपात जॉन ग्रॉंट यांनी लंडनच्या मृत्युपत्रकांचा अभ्यास १६६२ मध्ये प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकात विल्यम फार यांनी इंग्लंडच्या मृत्युनोंदींसाठी पद्धतशीर वर्गीकरणाचा पुरस्कार केला. एकाच रोगाला तीन-चार नावे दिली जातात व एकच नाव वेगवेगळ्या रोगांना दिले जाते, अशी त्यांची तक्रार होती. झाक बेर्तियाँ यांनी तयार केलेली मृत्युकारणांची यादी १८९३ मध्ये शिकागो येथे स्वीकारण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये तिची सहावी आवृत्ती हाती घेतली, तेव्हापासून मृत्यूंबरोबर आजारांचाही तीत समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली जाऊन १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. तथापि पुष्कळ ठिकाणी दहाव्या आवृत्तीचा वापर चालू राहिला. प्रस्तुत नोंदीतील संकेत दहाव्या आवृत्तीतील आहेत.

संकेतांची रचना : दहाव्या आवृत्तीत प्रत्येक संकेतात एक रोमन अक्षर, दोन अंक व बिंदूनंतर बहुधा आणखी एक अंक असतो. ‘एन’ हे अक्षर मूत्र व जनन तंत्रांच्या विकारांसाठी असून एन ४० ते एन ५१ हा गट पुरुष जननेंद्रियांचा आहे. त्यात एन ४७ हा अग्रत्वचेच्या अरुंदपणासाठी, एन ४८·१ हा शिश्नमणी व अग्रत्वचा यांच्या शोथासाठी आणि एन ४८·२ हा शिश्नाच्या इतर शोथांसाठी आहे. विद्रधी, त्वचेखालील ऊतकाचा शोथ व उत्थानक्षम ऊतकाचा शोथ हे सर्व एन ४८·२ मध्ये येतात. मुष्काच्या शोथासाठी एन ४९·२, तर मूत्रमार्गशोथासाठी एन ३४ हा संकेत आहे.

येथे एक चूक सहज होते. त्वचेखालील ऊतकाच्या शोथाचा सर्वसाधारण संकेत एल ०३ असून तो त्वचारोगांच्या प्रकरणात आहे. नोंदीत अवयवाचे नाव नसेल, तर संकेतन करणारा तोच देतो. परंतु पुरुषाची बाह्य जननेंद्रिये त्या संकेतातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. जांघ व मूलाधार मात्र एल ०३·३ मध्येच मोडतात. म्हणजे ‘खालच्या भागाला सूज’ या एका मोघम वाक्याने रोगी एका प्रकरणातून दुसऱ्या प्रकरणात जाऊन पडतो. यासाठी प्रथम वर्णानुक्रम सूचीत रोगाचे नाव शोधावे व नंतर मुख्य कोष्टकात त्या संकेताखालील वर्ज्य सूचना वाचाव्या, असा नियम आहे.

लैंगिक संबंधातून पसरणारे ठराविक रोग यांहून निराळ्या प्रकरणात येतात. सिफिलिसचा प्राथमिक जननेंद्रिय-व्रण ए ५१·०, मृदुव्रण ए ५७ व जननेंद्रियांवरील हर्पीस ए ६०·० असे त्यांचे संकेत आहेत. कॅंडिडाजन्य शिश्नमणिशोथास बी ३७·४ हा कारणदर्शक व एन ५१·२ हा स्थानदर्शक असे जोडसंकेत दिले जातात. पहिल्यापुढे खड्‌गचिन्ह व दुसऱ्यापुढे तारकाचिन्ह असते. खड्‌गचिन्हाचा संकेत मूळ रोग दाखवितो म्हणून तो कधीही गाळता येत नाही.

अमेरिकेत २०१५ पासून वापरल्या जाणाऱ्या विस्तारित आवृत्तीत एन ४८·२ चे आणखी विभाग पाडून विद्रधीस एन ४८·२१ व ऊतकशोथास एन ४८·२२ हे संकेत दिले आहेत, तर फूर्न्ये यांच्या कोथास एन ४९·३ हा स्वतंत्र संकेत आहे. तेथे रुग्णालयास मिळणारा मोबदला संकेतांशी निगडित असल्याने इतके सूक्ष्म भेद करण्यात आले आहेत. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजनांत मोबदला ठरविलेल्या उपचारसंचानुसार दिला जातो. त्यामुळे येथे रोगसंकेतनाचे मुख्य प्रयोजन पैशांचे नसून रुग्णाच्या पुढील उपचारांचे व आकडेवारीचे आहे.

नोंदीतील आवश्यक घटक : परिपूर्ण नोंदीत पुढील गोष्टी असाव्या लागतात : (१) नेमके स्थान – अग्रत्वचा, शिश्नमणी, दंड, मूळ, मुष्क की मूत्रमार्ग, (२) विकृतीचे स्वरूप – शोथ, व्रण, विद्रधी की कोथ, (३) सुरुवात, कालावधी व पसरण्याचा वेग, (४) पू किंवा स्राव यांची तपासणी व आढळलेला जंतू, (५) मधुमेह, मद्यासक्ती, अग्रत्वचेचा अरुंदपणा, इजा, मूत्रनलिका घालणे यांसारखी पूरक कारणे, (६) आधी घेतलेली औषधे, (७) निदान निश्चित आहे की संशयित, हे स्पष्ट शब्दांत.

उदाहरणार्थ, एखाद्या मधुमेही रुग्णाच्या कागदावर ‘त्वचासंक्रामण, प्रतिजैविके दिली’ एवढेच लिहिले असेल, तर त्यास त्वचारोगांतील एखादा मोघम संकेत मिळेल. त्याच रुग्णाविषयी ‘शिश्नदंडाच्या डाव्या बाजूस तीन दिवसांचा विद्रधी, पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस, प्रकार दोनचा मधुमेह, मुष्क व मूलाधार निर्दोष’ असे लिहिल्यास एन ४८·२ हा मुख्य संकेत, बी ९५·६ हा जंतुदर्शक व ई ११ हा मधुमेहदर्शक असे तीन संकेत निश्चित होतात. रुग्णाच्या दृष्टीने मात्र शेवटचे चार शब्द सर्वांत मोलाचे आहेत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वैद्याला मुष्कावर सूज दिसली, तर ती नवी आहे व रोग पसरत आहे, हे केवळ त्या शब्दांमुळे कळते. निर्दोष भागाचीही नोंद करावी, या नियमामागील कारण हेच आहे.

महाड–पोलादपूर परिसर : रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या दक्षिण भागातील हे दोन तालुके सावित्री नदीच्या खोऱ्यात व सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या असून पावसाळ्यात दळणवळण कठीण होते. दुर्गम वाडीतील रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, महाडमधील खाजगी दवाखाने आणि प्रसंगी अलिबाग किंवा मुंबई अशा टप्प्यांनी पुढे जातो. शिवाय येथील अनेक पुरुष नोकरीनिमित्त मुंबईत राहत असल्याने उपचाराचा आरंभ एका ठिकाणी व शेवट दुसऱ्या ठिकाणी होतो. अशा वेळी रुग्णासोबतचा संदर्भकागद हाच त्याच्या आजाराचा एकमेव सलग इतिहास असतो.

रुग्णाची भाषा ही नोंदीतील पहिली अडचण होय. ‘लघवीच्या जागी दुखते’ या शब्दांत शिश्न, मूत्रमार्ग, मुष्क व जांघ यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते. ‘गरमी’ व ‘परमा’ या लोकभाषेतील संज्ञा अनुक्रमे सिफिलिस व परमा (गोनोऱ्हिया) या रोगांना उद्देशून असल्या, तरी रुग्ण त्या कोणत्याही व्रणास वा स्रावास लावतो. म्हणून रुग्णाचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिहून त्याखाली वैद्याने प्रत्यक्ष तपासणीतील निष्कर्ष वेगळे लिहावे, ही पद्धत उचित ठरते. ‘गुप्तरोग’ हा शब्द नोंदीत टाळणे श्रेयस्कर असते, कारण तो स्थान सांगत नाही, कारणही सांगत नाही. रुग्णाच्या आचरणावर ठपका मात्र ठेवतो. मधुमेहामुळे झालेल्या कवकजन्य शोथाला तो लावल्यास निदान चुकते व कुटुंबात विनाकारण कलह उद्‌भवतो.

शिश्नावरील लक्षणाची निःसंकोच नोंद किती फलदायी ठरू शकते, याचे एक संस्मरणीय उदाहरण याच परिसरातील आहे. ते संक्रामणाचे नसून विंचूदंशाचे आहे; परंतु वर्गीकरणात त्याचे स्थान अगदी शेजारी आहे. कोकणातील तांबड्या विंचवाच्या दंशाने पूर्वी अनेक रुग्ण हृदयक्रिया बिघडून व फुप्फुसांत द्रव साचून दगावत. हिंमतराव साळुबा बावस्कर हे १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी दंश झालेल्या रुग्णांच्या लक्षणांचा क्रम रुग्णशय्येजवळ बसून टिपला. ओकाऱ्या, भरपूर घाम, हातपाय गार पडणे व पुरुषांमध्ये शिश्नाचे अनैच्छिक, टिकून राहणारे उत्थान ही हृदयविकृतीची पूर्वसूचक लक्षणे आहेत, असे त्यांचे निरीक्षण लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्राझोसीन या औषधाच्या उपयोगाविषयीचा त्यांचा लेख तेथेच १९८६ मध्ये आला. पुढे महाड येथेच ७० रुग्णांवर प्रतिविष व प्राझोसीन यांची एकत्रित चाचणी घेण्यात येऊन तिचे निष्कर्ष २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला. यातील चौथे लक्षण लहान मुलाचे पालक किंवा प्रौढ रुग्ण आपणहून क्वचितच सांगतात. ते पाहावे व लिहावे लागते.

संकेतनाच्या दृष्टीने हे उदाहरण उद्‌बोधक आहे. दीर्घ उत्थानाचा संकेत एन ४८·३, तर शिश्नाच्या इतर शोथांचा एन ४८·२. म्हणजे दोहोंत केवळ एका अंकाचे अंतर आहे. विंचवाच्या विषाचा परिणाम टी ६३·२ ने व विंचवाशी झालेला संपर्क एक्स २२ ने दर्शविला जातो. ‘शिश्न सुजले व दुखते’ अशी मोघम नोंद झाली, तर विंचूदंशाचा रुग्ण संक्रामणात गणला जाईल आणि प्रतिजैविकांच्या मागे लागून बहुमोल वेळ वाया जाईल.

आकडेवारीतील उपयोग : वैयक्तिक नोंदी एकत्र केल्यावर एकट्या वैद्याच्या लक्षात न येणारे धोके दिसू लागतात. मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकणाऱ्या एका नव्या गटातील मधुमेहरोधी औषधांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इशारा दिला. मार्च २०१३ ते मे २०१८ या काळात ही औषधे घेणाऱ्यांत फूर्न्ये यांच्या कोथाचे १२ रुग्ण आढळल्याच्या नोंदींवर तो आधारलेला होता. हा कोथ पुरुषांतच होतो, असा समज असला तरी त्या १२ रुग्णांपैकी पाच स्त्रिया होत्या. रोगाचे नाव व चालू औषध या दोन्ही गोष्टी कागदावर होत्या, म्हणूनच त्यांचा संबंध जुळला.

मृत्युनोंदीतही हेच दिसून येते. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १० मध्ये मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची तरतूद आहे. त्यात तात्कालिक कारण वरच्या ओळीत व त्यास कारणीभूत झालेली विकृती क्रमाने खालच्या ओळींत लिहावयाची असते. साखळीच्या तळाशी येते ते मूळ कारण. जंतुविषबाधेचा आघात, त्याखाली मूलाधाराचा कोथ व त्याखाली मधुमेह असे लिहिल्यास मृत्यूचा मार्ग स्पष्ट होतो. ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिल्यास तो मृत्यू मधुमेहाच्या हिशेबात येत नाही व प्रतिबंधाच्या योजनेलाही त्याचा उपयोग होत नाही.

गोपनीयता व कायदा : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाचे अभिलेख उपचारांच्या आरंभापासून तीन वर्षे जपणे व रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत उपलब्ध करून देणे वैद्यावर बंधनकारक करण्यात आले. एचआयव्ही संक्रामणाविषयीची माहिती गुप्त राखण्याचे बंधन २०१७ च्या स्वतंत्र अधिनियमाने घातले आहे. अठरा वर्षांखालील रुग्णात लैंगिक अत्याचाराचा संशय आल्यास मात्र २०१२ च्या बालसंरक्षण अधिनियमानुसार पोलिसांना कळविणे आवश्यक असते. तेथे गोपनीयतेची सबब चालत नाही. लहान गावात सर्व एकमेकांना ओळखतात, त्यामुळे नोंदवही कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न शहरापेक्षा अधिक नाजूक असतो. त्यावर नोंद मोघम करणे हा उपाय नव्हे. नोंद नेमकी करावी व ती पाहण्याचा अधिकार मर्यादित ठेवावा. बाह्यरुग्णांच्या खुल्या नोंदवहीत केवळ क्रमांक व सविस्तर वर्णन स्वतंत्र कागदावर, अशी विभागणी करता येते.

मर्यादा : संकेत म्हणजे निदान नव्हे; ते निदानाचे संक्षिप्त रूप असते. एन ४८·२ या एका संकेतात किरकोळ पुळी व उत्थानक्षम ऊतकाचा गंभीर शोथ दोन्ही सामावतात. संशयित निदानास निश्चित रोगाचा संकेत दिल्यास आकडे फुगतात; उलट एन ४८·९ हा ‘अनिर्दिष्ट’ विकारांचा संकेत वारंवार वापरल्यास ते निरर्थक होतात. एखाद्या केंद्राच्या वार्षिक गोषवाऱ्यात अनिर्दिष्ट संकेतांचे प्रमाण वाढलेले दिसले, तर तेथील रोग बदलले असे न समजता प्रथम तेथील नोंदी तपासणे योग्य ठरते.